आतारबाईंनी दिलेला शब्द

आतारबाई माझ्यावर कधी चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या, चार माणसांत मला दोन शब्द सुनावले असते, तर त्या शब्दांना धरून मला आजवर स्वतःची बाजू मांडता आली असती. त्यांनी ती सोय ठेवली नाही.

पुण्यातल्या एका लहानशा संशोधन संस्थेत आम्ही एकत्र होतो. सरकारी कार्यालयांचा कारभार प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहायचं, लोकांशी आणि कर्मचाऱ्यांशी बोलायचं, आणि काय बदलता येईल ते वरच्या साहेबांना अहवाल लिहून सांगायचं, हे संस्थेचं काम. मी यवतमाळकडून एम.ए. करायला आलो आणि इथेच चिकटलो. माझ्या पदाचं नाव ‘संशोधन सहयोगी’. आतारबाई ‘क्षेत्र अन्वेषक’. म्हणजे मी टेबलाशी बसून प्रश्न लिहायचे आणि त्यांनी ते घेऊन दारोदार फिरायचं. संस्थेच्या पाटीवर माझं नाव त्यांच्या वर होतं. कुणाला काय कळतं हे बघून पाटी लिहिली असती तर ती उलटी लिहावी लागली असती.

तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या. ठेंगण्या, सडसडीत. फिक्या रंगाचा सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी, आणि पायात पुरुषी वाटावेत असे जाड बूट. बुटांबद्दल एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, “कुत्री चावतात हो. तुमच्या प्रश्नावलीत तो रकाना नाही.” त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून पुण्यातलं. ळ आणि ण असे स्वच्छ, की माझ्यासारख्या वऱ्हाडातून आलेल्याला त्यांच्यासमोर बोलताना आपली जीभ तपासून घ्यावीशी वाटे. एखाद्या सोसायटीतल्या काकू नाव विचारून झाल्यावर कौतुकानं म्हणायच्या, “अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो.” आतारबाई तितक्याच कौतुकानं म्हणायच्या, “तुमचंही.” आणि पुढचा प्रश्न विचारायच्या.

संस्थेत आल्या आल्या मी केलेली पहिली प्रश्नावली घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. निराधार बायकांना मिळणाऱ्या पेन्शनचे अर्ज वारंवार परत का येतात, याचा अभ्यास होता. त्यांनी ती पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘सदर कार्यालयाकडून मिळणाऱ्या सेवेबाबत आपण कितपत समाधानी आहात?’

“असं कोण बोलतं?”

“ही मान्यताप्राप्त पद्धत आहे,” मी म्हणालो.

“असेल. पण बोलतं कोण?”

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या स्वारगेटहून लोणी काळभोरच्या बसमध्ये बसल्या. तिथे एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी सुपातले खडे वेचत होती. विधवा, एकटी, अर्ज करून बसलेली. आतारबाई मला म्हणाल्या, तुम्ही विचारा. मी विचारत गेलो. म्हातारी दर प्रश्नाला मान हलवून म्हणत होती, “समाधानी हाय.” वेळेवर काम होतं का? समाधानी हाय. कर्मचाऱ्यांची वागणूक? समाधानी हाय. मी खुणा करत गेलो आणि मनातून खूश झालो, की पहिलीच मुलाखत कशी विनातक्रार पार पडली.

मग आतारबाई ओट्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. त्या नेहमीच समोरच्यापेक्षा थोड्या खाली बसत. “आजी, तिथं शेवटचं कधी गेला होता?”

“गेल्या हप्त्यात.”

“काय म्हणाले मग?”

“फोटू जुना हाय म्हनले. नवा आन म्हनले.”

“त्याच्या आधी?”

“आधी दाखला जुना हाय म्हनले.”

“असं किती वेळा झालं?”

“आता काय मोजायचं बाई. पाचव्यांदा का सहाव्यांदा.”

“मग आत्ता यांना समाधानी आहे का म्हणालात?”

म्हातारीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. “त्यो कागदावर लिवून घेतोय न्हवं. नाय म्हनलं तर पुन्यांदा तिथंच जायचंय की मला.”

परत येताना बसमध्ये आतारबाईंनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाल्या, “लोकांना मत विचारू नका, राऊत. मत ते आपल्याकडे बघून देतात. काय घडलं ते विचारा.” संशोधन पद्धतीवरची पुष्कळ जाड पुस्तकं त्यानंतर मी वाचली, काही शिकवलीही. त्या बसमधल्या बोलण्याच्या पुढे मी फारसा गेलो आहे असं मला वाटत नाही.

मुलाखत घ्यायची त्यांची एक रीत होती. संमतीचा छापील मजकूर त्या वाचून दाखवत नसत. तो स्वतःच्या शब्दांत सांगत, आणि दर वेळी तेच शब्द असत. “तुम्ही सांगाल ते मी लिहीन. तुमचं नाव लिहिणार नाही. तुम्ही कोण ते कळेल असंही काही बाहेर जाऊ देणार नाही. आणि बोलता बोलता वाटलं, की हे नको लिहायला, तर तुमच्यासमोर खोडीन.” त्या खरोखर खोडायच्या. पेन्सिलीनं लिहायच्या आणि कुणी म्हणालं की रबर काढून पुसायच्या. त्यावरून आमचे खटके उडत.

“अहो, तेच तर महत्त्वाचं होतं,” मी म्हणायचो.

“त्यांना नको होतं.”

“पण आपल्याला कळलंय ना?”

“कळलं ना? मग झालं की. कळलेलं सगळं लिहायचं नसतं.”

मला तेव्हा हे भाबडेपणाचं वाटे. शिक्षण अर्धवट राहिलेल्या, अनुभवावर काम करणाऱ्या माणसाचा भाबडेपणा. मी तसं कुणाजवळ बोललो नाही, पण वाटायचं हे खरं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात, दुसऱ्या एका पाहणीच्या वेळी, मी एक गोष्ट केली. फिरायला माणसं कमी होती म्हणून बिबवेवाडीतली वीस घरं मी माझ्याकडे घेतली होती. चौदा झाली. दुपारचे दोन वाजले होते आणि डोकं तापून निघालं होतं. मी स्वारगेटला आलो, रसाच्या गाडीमागच्या सावलीत बाकावर बसलो आणि उरलेले सहा फॉर्म तिथेच भरून टाकले. नावं घरांच्या पाट्यांवरून टिपलेली होतीच. उत्तरं काय येतात ते चौदा घरांवरून कळलं होतं. मला त्यात मोठंसं काही वाटलंही नाही.

संध्याकाळी सगळ्यांचे फॉर्म आतारबाई तपासायच्या. माझ्या गठ्ठ्यातले सहा त्यांनी बाजूला काढले.

“हे सहा जण फार नीटनेटके आहेत हो.”

“म्हणजे?”

“कुणी प्रश्न टाळला नाही. नवऱ्याला विचारून सांगते असं कुणी म्हणालं नाही. आणि एकाचंही वय चाळीस नाही, पंचेचाळीस नाही, पन्नास नाही. सगळे त्रेचाळीस, सदतीस, एकोणपन्नास.” त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवले. “खरी माणसं वय अदमासानं सांगतात. उद्या साडेआठला निघू.”

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर सहाही घरी आल्या. प्रश्न मला विचारू दिले. एका घरातली बाई म्हणाली, “वय? लिहा पन्नास.” आतारबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. संचालकांना त्यांनी हे कधी सांगितलं नाही. त्यांनी मला सांभाळून घेतलं असा अर्थ मी काढला आणि मनातून निर्धास्त झालो. मला एकदा दाखवलं की पुरेल, असा त्यांचा समज होता, हे माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

आता लोखंडेंबद्दल सांगायला हवं. लोखंडे हे त्यांचं खरं नाव नाही. त्यांच्याबद्दलचा एक तपशील मी पुढे सांगणार आहे, तोही बदललेला आहे. कार्यालय कुठलं ते मी सांगत नाही. निदान या वेळी.

पेन्शनच्या अर्जांवर काम करणारे ते जुने कारकून. कमी बोलणारे, हाताची घडी घालून बसणारे. आतारबाई त्यांच्याकडे चार वेळा गेल्या. पहिल्या तीन खेपांना त्यांनी नियम वाचून दाखवले. चौथ्या खेपेला कार्यालयामागच्या बाकावर डबा खाता खाता ते बोलले. वरून तोंडी सूचना होती. महिनाअखेरीला प्रलंबित अर्जांचा आकडा कमी दिसला पाहिजे, म्हणून अर्ज पूर्ण असला तरी काहीतरी त्रुटी काढून एकदा परत पाठवायचा. परत गेलेला अर्ज प्रलंबित धरला जात नाही. एवढं साधं होतं ते. लोणीच्या म्हातारीचा फोटो जुना का होता, ते त्या बाकावर कळलं.

आतारबाईंनी ते सगळं लिहून आणलं. टिपणावर नाव नव्हतं, ‘क-सात’ एवढंच होतं. क-सात म्हणजे कोण, ती यादी त्या घरी ठेवायच्या. संचालकांनी एकदा मागितली तेव्हा म्हणाल्या, “माझ्याकडेच असू दे. हरवली तर माझ्याच हातून हरवेल.” पण लोखंडेंना भेटायला त्या गेल्या त्यातल्या एका खेपेला मी बरोबर होतो. मला माहीत होतं.

टिपणात लोखंडेंचे शब्द होते. “एका कानानं ऐकू येत नाही म्हणून मला खिडकीवर बसवत नाहीत. मागं बसवतात, अर्ज परत पाठवायला. वर्षभर राहिलंय निवृत्तीला. शिक्का मारताना मी अर्जावरचं नाव वाचत नाही. वाचलं की हात चालत नाही.” कानाच्या आणि निवृत्तीच्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, ‘हे आपल्यापुरतं. अहवालात नको.’

मी ते वाचलं आणि मला माझा अहवाल सापडला. तीन महिने मी तक्ते करत होतो. तक्त्यांनी कुणी हलत नाही. हे वाचून हलतील, असं वाटलं. मी ते सगळे शब्द जसेच्या तसे एका चौकटीत घातले.

कच्चा मसुदा वाचून आतारबाई माझ्या टेबलाशी आल्या. कान आणि निवृत्ती त्यांनी खोडली होती.

“एवढं काढा. बाकी राहू दे.”

“ते काढलं तर वाक्य लंगडं होतं हो. मग तो कुणीही माणूस वाटतो.”

“कुणीही वाटायलाच हवा.”

“एवढ्या मोठ्या जिल्ह्यात कोण ओळखणार त्यांना?”

“जिल्हा कशाला ओळखेल? त्यांचे साहेब ओळखतील. अहवाल त्यांच्याच हातात जायचाय ना?”

“बघतो,” मी म्हणालो.

पुण्यात ‘बघतो’चा अर्थ काय होतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी त्यांनी माझ्या बघतोवर विश्वास ठेवला. त्या गेल्यावर मी ती चौकट पुन्हा वाचली. कान काढून वाचली, निवृत्ती काढून वाचली. मग दोन्ही होतं तसं ठेवलं आणि छपाईला पाठवलं. विसरलो नव्हतो. घाई नव्हती. नीट विचार करून ठेवलं.

सादरीकरण एका सरकारी सभागृहात झालं. लांब टेबल, दोन्ही बाजूंना अधिकारी, प्रत्येकासमोर अहवालाची प्रत आणि वेफर्सची बशी. आतारबाईंना संचालकांनी मुद्दाम बोलावलं होतं. त्या मागे भिंतीला लावलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसल्या होत्या. छापलेली प्रत त्यांच्या हातात तिथेच पहिल्यांदा पडली.

मी बरं बोललो. मोठे साहेब पानं उलटत ऐकत होते. चौकटीपाशी थांबले आणि ती त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली, सावकाश, एखादा उतारा वाचावा तशी. वाचून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“हे जरा नाट्यमय वाटतं. संशोधक मंडळी थोडं रंगवून लिहितात, नाही का?”

टेबलाभोवती हसू फिरलं. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि त्या खोलीत आपणही कुणीतरी आहोत हे दिसावं असं फार वाटत होतं. गप्प बसलो असतो तर लोक हसले असते आणि चहा आला असता. दोन-चार जणांच्या बोलण्यातून आम्ही हे एकत्र केलंय, असं म्हणालो असतो तर तेही चाललं असतं. तेवढं सुचायला वेळ होता.

“नाही सर,” मी म्हणालो. “शब्दशः आहे. मूळ टिपण आहे आमच्याकडे.”

“असं?” साहेबांनी पेन उघडलं आणि एका शब्दाखाली रेघ मारली. “एका कानानं. बरं.” आणि पान उलटलं.

मी भिंतीकडे बघितलं. आतारबाईंनी त्यांची प्रत मिटून मांडीवर ठेवली होती आणि त्यावर दोन्ही हात ठेवून त्या समोर बघत होत्या.

जिन्यात संचालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. खाली फाटकापाशी आतारबाई थांबल्या होत्या.

“खोटं आहे म्हणू दिलं असतंत त्यांना, तर काय बिघडलं असतं?”

“ते आपल्या कामावर शंका घेत होते.”

“आपल्या,” त्या म्हणाल्या. एवढंच. मग त्यांची बस आली.

तीन-चार आठवड्यांनी त्या माझ्या टेबलाशी आल्या. “लोखंडेंना नोटीस निघाली. बदलीही झाली.” ज्या तालुक्याला झाली तिथे जायला पहाटेची पहिली एसटी स्वारगेटहून घ्यावी लागते. निवृत्तीला वर्ष राहिलेल्या माणसाला. “मी रविवारी त्यांच्या घरी चाललेय. येता का?”

मी म्हणालो, रविवारी परिषदेचा निबंध पुरा करायचाय, सोमवारी संचालकांना द्यायचाय. निबंध याच अभ्यासावर होता.

“बरं,” त्या म्हणाल्या.

सोमवारी मी काही विचारलं नाही. त्यांनी काही सांगितलं नाही. शेजारच्या टेबलावर बसून त्या दिवसभर फॉर्म तपासत होत्या आणि मी दिवसभर फार कामात असल्यासारखा होतो. लोखंडेंनी दार उघडलं का, आत घेतलं का, त्यांची बायको काय बोलली, यातलं काही मला आजही माहीत नाही. विचारायला मला पन्नास दिवस मिळाले असतील.

अहवालातल्या शिफारशी मात्र मान्य झाल्या. अर्ज घेतला की पोच द्यायची, लागणाऱ्या कागदांची यादी भिंतीवर लावायची, त्रुटी काढायची ती एकदाच आणि लेखी. पुष्कळ बायकांचे हेलपाटे वाचले असतील. ते खोटं नाही, आणि मी त्याच्याच आडोशाला राहिलो. एकदा जेवणाच्या सुट्टीत आतारबाईंना मी तसं बोलूनही दाखवलं. म्हणालो, एका अर्थानं लोखंडेंच्या बोलण्याचं सार्थक झालं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “सुधारणा झाली ते चांगलंच झालं. पण त्याची किंमत लोखंडेंनी द्यायची, असं कुणी ठरवलं? त्यांनी नाही ठरवलं. मी त्यांना शब्द दिला होता.”

“चूक माझी आहे, तुमची नाही,” मी म्हणालो. मोठ्या मनानं म्हटल्यासारखं.

“शब्द माझा होता,” त्या म्हणाल्या.

हाती असलेली फेरी त्यांनी पुरी केली. एकही घर सोडलं नाही. मग काम सोडलं. गुडघ्यांचा त्रास आहे असं संचालकांनी मला सांगितलं. त्यांना निरोप दिला त्या दिवशी मी परिषदेत निबंध वाचत होतो.

पुढची माझी हकिकत सांगण्यासारखी आहे, म्हणजे कुणी विचारली तर मी सांगतो. मी संस्था सोडली, शिकवायला लागलो, सरकारी समित्यांवर सल्लागार झालो. संशोधनातली नीतिमूल्यं हा माझा विषय झाला. माहिती देणाऱ्याची ओळख केवळ नाव झाकून झाकली जात नाही, हे समजावताना मी वर्गात एका कारकुनाचं उदाहरण देतो. एक संशोधक होता. त्यानं एक तपशील मोहानं ठेवला. मुलं शांत बसून ऐकतात. दर वर्षी हे व्याख्यान चांगलं होतं.

मागे एकदा व्याख्यान संपल्यावर शेवटच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “सर, त्या रिसर्चरचं पुढे काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणालो.

“काहीच नाही?”

“नाही.”

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं असेल, याचा विचार करत मी घरी आलो. त्या आठवड्यात जुन्या माणसांना विचारून मी आतारबाईंचा पत्ता मिळवला. बिबवेवाडीतच होत्या त्या. माझ्या कॉलेजपासून रिक्षानं वीस मिनिटांवर, इतकी वर्षं.

दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दार त्यांनीच उघडलं. वाळल्या होत्या. साखरेच्या आजारानं एक डोळा गेला होता. दुसऱ्या डोळ्यानं मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. “या राऊत,” म्हणाल्या. मी परवाच भेटून गेलो होतो अशा आवाजात. सून बाहेर गेली होती. चहा त्यांनीच केला.

मी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. “बाई, त्या अहवालात ते वाक्य राहिलं, त्याबद्दल मला...”

“राहिलं नाही,” त्या म्हणाल्या. “ठेवलंत.”

“ठेवलं.”

“मग तसं सांगा. काय काय झालं ते.”

आणि मी सांगायला लागलो. ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं. त्या मधे बोलत नव्हत्या. मी थांबलो की त्याही थांबत, आणि मग मलाच पुढे बोलावं लागे. कान काढून वाचून पाहिलं, हे सांगितलं. सभागृहातलं सांगितलं.

“शब्दशः म्हणालात तेव्हा काय वाटत होतं?”

“त्यांनी खोटं समजू नये.”

“कुणाला?”

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू झाली, गेली.

“मला,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. शाबासकीची नव्हे, ऐकू आल्याची. मग म्हणाल्या, “हे लोखंडेंना सांगायला हवं होतं तुम्ही. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.”

मी हातातला कप खाली ठेवला.

“मी जात असे अधूनमधून. ते चांगले बोलायचे माझ्याशी. त्यानं आणखीच वाईट वाटायचं.” त्यांनी माझा रिकामा कप उचलला. “आता शिकवता म्हणे तुम्ही. हे सांगता का मुलांना?”

“सांगतो.”

“कुणाचं म्हणून सांगता?”

“एक संशोधक होता, म्हणून.”

आतारबाई कप घेऊन उठल्या. “म्हणजे नाव झाकता येतं तुम्हाला,” म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मोरीत कप विसळल्याचा आवाज येत होता. मी खुर्चीत बसून होतो. माफ करा हे शब्द मी म्हणालो की नाही, ते आज आठवत नाही. म्हणालो असलो तरी त्यांनी ते घेतले नाहीत. झिडकारलेही नाहीत. त्यांच्याकडे द्यायचे ते नव्हतेच.

त्यानंतरच्या वर्षी मी वर्गात ‘एक संशोधक’ऐवजी ‘मी’ म्हणालो. व्याख्यान काही चांगलं झालं नाही. मुलं अवघडली, एक-दोघांनी खाली बघितलं. आता दर वर्षी तसंच सांगतो. त्यानं लोखंडेंच्या पहाटेच्या एसट्या काही चुकत नाहीत. आतारबाई गेल्या हे मला कुणीतरी महिन्याभरानं सांगितलं. सांत्वनाला जावं असं त्यांच्या घरात माझं नातं नव्हतं, मी गेलो नाही.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या मी भेटायला गेलो त्याच दिवशी, बिबवेवाडीत. त्यांना औषधं आणायची होती म्हणून माझ्याबरोबर खाली आल्या. जिना उतरताना मी हात पुढे केला तर म्हणाल्या, “कठडा आहे.” गल्लीच्या तोंडाशी मी रिक्षा थांबवली. तेवढ्यात पलीकडून एक बाई हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी घेऊन लगबगीनं आली. “बरं झालं भेटलात, हे बघा ना जरा, पुन्हा परत पाठवलंय.”

आतारबाईंनी कागद घेतला आणि शाबूत डोळ्याच्या अगदी जवळ धरला. वाचून झाल्यावर तिला काहीतरी विचारलं. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता, मला ऐकू आलं नाही. बाई सांगायला लागली. हातवारे करत, मागचं पुढचं, बरंच असावं. आतारबाईंनी खांद्यावरची शबनम पिशवी काढून फुटपाथवर दोन्ही पावलांच्या मधे ठेवली आणि मान किंचित कलती करून ऐकत उभ्या राहिल्या.

पाच वाजता माझं एक व्याख्यान होतं. रिक्षावाल्यानं विचारलं, “कुठं, साहेब?” मी सांगितलं. रिक्षा वळताना मी निरोपाचा हात वर केला. त्या तिच्याकडे बघत होत्या. मी हात खाली घेतला.